देवळातलं भजन मोबाईलमध्ये विहिरीत का पडतं?

सप्ताह संपला की दुसऱ्या दिवशी कुणीतरी मोबाईल घेऊन येतंच. "काल बुवा काय गायले, हे ऐक!" आणि मोबाईलमधून येतं ते विहिरीच्या तळाशी चाललेलं भांडण. झांज तेवढी कानात घुसते, पखवाज म्हणजे पुठ्ठ्याचं खोकं, आणि बुवांचे शब्द धुक्यात हरवलेले. ऐकवणाऱ्याचा चेहरा मात्र फुललेला असतो, कारण तो मोबाईल ऐकतच नसतो, त्याला कालची रात्र आठवत असते.

"मोबाईल साधा आहे ना, म्हणून," असं सगळे म्हणतात. मी भजनी मंडळांची आणि छोट्या मैफलींची रेकॉर्डिंगं करतो, आणि या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. त्याच जागी पन्नास हजारांचा माइक ठेवला तरी विहीर तीच राहील, फक्त तिचे दगड मोजता येतील. दोष जागेचा आहे.

देवळात बसून ऐकताना आपल्यापाशी दोन कान आणि एक मेंदू असतो. बुवांचा आवाज आधी थेट येतो. मग तोच भिंतीवर, फरशीवर, पत्र्यावर आपटून तुकड्यातुकड्यांनी येत राहतो. मेंदू दोन कानांतला बारीक फरक धरून थेट आवाज पुढे ओढतो आणि घुमणारा मागे ढकलतो. पडताळून बघायचं असेल तर एखाद्या रिकाम्या हॉलमध्ये कुणाला तरी बोलायला सांगा आणि एक कान बोटाने घट्ट बंद करा. हॉल एकदम जास्त घुमायला लागल्यासारखा वाटेल. घुमत तो आधीही तेवढाच होता. माइकला ही निवड करता येत नाही. जे येईल ते तो पदरात घेतो. म्हणून कानाचं निवडण्याचं काम आपल्याला आधीच, माइकची जागा ठरवताना करावं लागतं. माझ्या हिशेबी रेकॉर्डिंग म्हणजे बहुतांशी हेच.

आता थोडं गणित. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो. घुमणारा आवाज मात्र सभामंडपभर जवळपास सारखाच पसरलेला असतो, त्याला अंतराचं सोयरसुतक नाही. त्यामुळे गाणाऱ्यापासून दूर जात गेलं की एका ठिकाणी दोन्ही आवाज बरोबरीचे होतात, आणि तिथून पुढे घुमणारा जिंकतो. समजा सभामंडप १० मीटर लांब, ८ मीटर रुंद, ४ मीटर उंच आहे आणि तिथे आवाज पुरता विरायला २ सेकंद लागतात. कोकणातल्या फरशीवाल्या देवळात लागतातच. तर ही बरोबरीची रेषा बुवांच्या तोंडापासून जेमतेम ७० सेंटिमीटरवर, म्हणजे सव्वादोन फुटांवर पडते. तुमचा मोबाईलवाला भाचा बसलेला असतो पंधरा फुटांवर. तिथे घुमणारा आवाज थेट आवाजापेक्षा सुमारे १६ डेसिबल वरचढ झालेला असतो. बुवांचे शब्द धुक्यात जातात ते इथे.

थोडी सवलत मिळते ती माइकच्या कानाने. काही माइक चहूकडून सारखं ऐकतात. पण गायनासाठी बहुतेक वेळा वापरतात तो 'कार्डिऑइड': त्याच्या ऐकण्याचा नकाशा काढला तर पत्त्यातल्या बदामासारखा दिसतो. समोरून नीट ऐकतो, बाजूने कमी, आणि पाठीकडून जवळजवळ बहिरा. असा माइक घेतला की तेवढाच कोरडेपणा १.७ पट अंतरावरून मिळतो, म्हणजे आपल्या देवळात चार फुटांपर्यंत सरकता येतं. त्याची एक खोड मात्र आहे: अगदी ओठांशी नेला की खालचे सूर फुगवतो. निवेदकांना ते भारदस्त वाटतं म्हणून आवडतं, गाण्यात मात्र शब्द बोजड होतात. मी बुवांच्या तोंडापासून साधारण वीतभर अंतर ठेवतो आणि माइक तोंडाच्या थेट रेषेत न ठेवता हनुवटीच्या किंचित बाजूला वळवतो, म्हणजे 'प' आणि 'भ'ची फुंकर त्यावर आदळत नाही.

झांजवाल्याची जागा

सगळ्यात मोठा धडा मला एका झांजवाल्याने दिला, त्याच्या नकळत. सिंधुदुर्गातल्या एका गावात मंडळ नेहमीसारखं बसलं होतं: पुढे पेटीवर बुवा, बाजूला पखवाज, मागे कोरस आणि त्यातच झांज. सहा माइक लावले, झांजेला मुद्दाम एकही नाही, कारण झांज काय, ऐकू येतेच. घरी येऊन बुवांचा ट्रॅक एकटा वाजवला आणि कपाळाला हात लावला. बुवांच्या ट्रॅकमध्ये बुवांपेक्षा झांज जास्त. आवाज जरा उघडा करावा म्हणून वरचे सूर थोडे वाढवले की झांज सुरीसारखी बाहेर यायची, कारण शब्दांचा स्पष्टपणा आणि झांजेची धार एकाच पट्टीत राहतात.

चूक साधी होती. बुवांच्या माइकचं तोंड बुवांकडे, म्हणजे बुवांच्या मागे बसलेली झांजही त्याच्या तोंडासमोरच. बदामाची बहिरी बाजू प्रेक्षकांकडे, जिथे कुणीच नव्हतं. पुढच्या वेळी मंडळाला गोल बसवलं, तालमीला बसतात तसं, आणि झांजवाल्याला बुवांच्या समोर, माइकच्या पाठीशी, सहा फुटांवर. "देवाकडे पाठ कशी करू?" असा रास्त प्रश्न त्याने विचारला. मग सगळं वर्तुळच थोडं फिरवलं. त्या दिवशीचं रेकॉर्डिंग आजही माझ्या चांगल्या कामांत आहे, आणि त्यासाठी नवं एकही यंत्र लागलं नाही.

माणसं हलवून आवाज जुळवायची ही युक्ती रेकॉर्डिंगच्या जन्माइतकी जुनी आहे. १९०२मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आले आणि नोव्हेंबरात त्यांनी गायिका गौहर जान यांच्या तबकड्या केल्या, तेव्हा रेकॉर्डिंगमध्ये माइक नावाची वस्तूच वापरात नव्हती. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, आवाजाच्या जोराने सुई मेणावर खाच पाडणार. आवाज वाढवायला बटण नाही, कमी करायलाही नाही. वाद्य मोठं वाजलं तर वादकाला मागे सरकवायचं, हेच मिक्सिंग. बाई गाणं संपवताना इंग्रजीत "माय नेम इज गौहर जान" म्हणत, कारण तबकड्या जर्मनीत छापल्या जायच्या आणि तिथल्या लोकांना कुठली तबकडी कुणाची ते कळायला हवं. विजेवर चालणारा माइक रेकॉर्डिंगमध्ये रुळला १९२५च्या सुमारास. तोवर सगळं अंतरावर.

एकाहून जास्त माइक लावले की एक नवीनच दुखणं सुरू होतं, त्याला 'फेज' म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट पाळण्याची आहे. पाळणा पुढे जात असताना मागून धक्का दिला तर तो जोरात जातो. तो मागे येत असताना तोच धक्का दिला तर जागीच अडतो. ध्वनीही असाच मागेपुढे झुलतो. बुवांचा आवाज त्यांच्या माइकपर्यंत पोचतो, आणि थोडा पेटीच्या माइकपर्यंतही. समजा पेटीचा माइक तोंडापासून ३४ सेंटिमीटर जास्त लांब आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो, म्हणजे तिथे तो एक मिलिसेकंद उशिरा पोचला. दोन्ही ट्रॅक एकत्र केले की ५०० हर्ट्झ, १५०० हर्ट्झ, २५०० हर्ट्झ अशा ठिकाणी एकाचा धक्का दुसऱ्याच्या उलट पडतो आणि तेवढे सूर दुबळे होतात. ऐकणाऱ्याला आवाज पोकळ लागतो, नळीतून बोलल्यासारखा. कुठलं बटण चुकलं ते सापडत नाही, कारण बटण चुकलेलंच नसतं.

उपाय दोन. पहिला ठोकताळा तिपटीचा: बुवांचा माइक तोंडापासून एक वीत असेल तर पेटीचा माइक त्याच तोंडापासून किमान तीन विती. मग दुसऱ्या माइकमध्ये शिरणारा आवाज साडेनऊ डेसिबल खाली राहतो आणि त्याचा उपद्रव बराच कमी होतो. दुसरा उपाय परत बदामाचा: पेटीचा माइक भात्याच्या बाजूने, पाठ बुवांच्या तोंडाकडे. पखवाजाला दोन पुड्या, त्या उलट दिशांना तोंड करून बसलेल्या, म्हणून दोन माइक लावले तर एकाचा 'पोलॅरिटी'चा, म्हणजे आवाजाचा झुला उलटा फिरवणारा, खटका उलटा करून बघायचा. खटक्याच्या ज्या बाजूला डाव्या पुडीचा घुमारा भरून येईल ती बाजू बरोबर. कानाने ठरवायची गोष्ट आहे, पुस्तकाने नाही.

लेव्हल, म्हणजे यंत्रात आवाज किती जोराने घ्यायचा ते, लावताना मंडळ तुम्हाला फसवणार हे गृहीत धरा. "बुवा, जरा गाऊन दाखवा" म्हटलं की बुवा नम्रपणे दोन ओळी गुणगुणतात. तासाभराने गजर चढतो तेव्हा तोच माणूस दुप्पट-तिप्पट ताकदीने बोलतो. म्हणून मी चाचणीला गजरच मागतो, अभंगाचं तोंड नाही. डिजिटल यंत्रात शून्य डेसिबल म्हणजे छत. त्यावर गेलेला आवाज कापला जातो, आणि कापलेला परत शिवता येत नाही. पूर्वी टेपचा खरखराट बुडवायला लेव्हल जोरात ठेवावी लागे. आता २४ बिटवर रेकॉर्ड करताना ती भीती उरलेली नाही. सगळ्यात जोराचा ठोका उणे १० डेसिबलच्या आसपास राहील एवढी लेव्हल ठेवायची आणि निवांत बसायचं.

बाकी देवळातले शत्रू तुम्हाला ओळखीचे आहेत. पंखे बंद करायला सांगा, आणि ते परत सुरू होणार हे धरून चाला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अर्थिंग बिघडलं की त्या सुराची आणि त्याच्या दुपटीची गुणगुण ट्रॅकमध्ये येते. लॅपटॉप बॅटरीवर चालवला की निम्मा त्रास जातो. रोषणाईच्या माळांपासून माइकच्या वायरी लांब ठेवाव्यात, ओलांडाव्या लागल्याच तर काटकोनात. आणि शेवटी तीस सेकंद रिकाम्या सभामंडपाची शांतता रेकॉर्ड करून ठेवावी, नंतर दोन टेक जोडताना सांधा झाकायला ती लागते. भजनानंतर चाळीस माणसांना तीस सेकंद गप्प बसवणं हे या धंद्यातलं सर्वांत कठीण काम आहे.

जवळचे माइक एवढे सांगितले, तरी फक्त त्यांच्यावर केलेलं रेकॉर्डिंग कोरडं ठणठणीत लागतं. बुवा देवळात आहेत की कपाटात ते कळत नाही. म्हणून एक जोडी लांब, सहा-सात फुटांवर, उंच. दोन माइक एकमेकांपासून १७ सेंटिमीटर, तोंडं ११० अंशांत फाकलेली. ही मांडणी फ्रेंच रेडिओवाल्यांनी रुळवली. १७ सेंटिमीटर म्हणजे साधारण आपल्या दोन कानांमधलं अंतर. ही जोडी देऊळ आणते, जवळचे माइक शब्द आणतात. किती देऊळ आणि किती शब्द, ते पुढे मिक्सिंगमध्ये.

स्टुडिओतली कोरडी खोली

स्टुडिओत प्रश्न उलटा होतो. तिथे झांज गळत नाही, पंखा नाही, कुणी घंटा वाजवत नाही. आणि बुवांचं गाणंही बऱ्याचदा निम्मं होतं. काचेच्या खोलीत एकटे उभे, कानावर हेडफोन, पखवाज काल वाजून गेलेला. समोर कुणी मान डोलवत नाही. चित्रपटसंगीताच्या जुन्या काळात मुंबईत गायक आणि सगळा वादकवृंद एकत्रच वाजवत, एक जण चुकला की सगळे पहिल्यापासून. आता प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा करता येतो ही मोठी सोय आहे, पण भजनासाठी मी ती शक्यतो घेत नाही. पखवाजवाला आणि बुवा एकमेकांना दिसतील असं बसवतो आणि मध्ये एक जाड पडदा ठेवतो. थोडी गळती पत्करतो. ज्यांना एकटं गावं लागतं त्यांना हेडफोनचा एक कान उघडा ठेवू द्यावा. स्वतःचा खरा आवाज ऐकू आला की सूर सावरतो.

घरी स्टुडिओ करणाऱ्यांना एक विनंती: अंड्यांचे ट्रे काढून टाका. आवाज बाहेर जाऊ न देणं आणि आवाज आत घुमू न देणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला जड भिंत, बंद फटी आणि घट्ट दार लागतं. दुसऱ्याला जाड, मऊ, हवा आत शिरेल असं काहीतरी: रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), नाही तर गोधड्या, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट. अंड्यांचा ट्रे दोन्हींत नापास, वर पेटतो लवकर. आणि खोली १० बाय १०ची असेल तर समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झचा सूर अडकतो. लांबी-रुंदी सारखी, म्हणून तो दोन्हीकडून दुणावतो. डग्ग्यावर एखादा घुमारा अचानक फुगतो आणि वादकाला बोल लावला जातो. माइक खोलीच्या बरोब्बर मध्यावरून आणि कोपऱ्यांतून हलवा, बराच फरक पडेल.

मिक्सिंगला लोक जादू समजतात. मला ते पंगतीसारखं वाटतं: सगळ्यांना पान मिळालं पाहिजे आणि कुणाचं कोपर कुणाला लागता कामा नये. पेटी आणि गळा यांची कोपरं लागतातच, दोघांचं घर एकच. पेटी नुसती कमी केली तर आधार जातो. त्याऐवजी पेटीचे शब्दांच्या जागेतले सूर, दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपासचे, दोन-तीन डेसिबलने उतरवायचे आणि पेटी किंचित डावीकडे सरकवायची. गळा मध्ये मोकळा होतो.

खालचे सूर कापताना मात्र पट्टी, म्हणजे गाणारा पेटीच्या कुठल्या पट्टीला षड्ज धरतो ते, विचारा. 'गळ्यावर १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा' असं व्हिडिओंमध्ये सर्रास सांगतात. काळी पाचमध्ये गाणाऱ्या बाईंचा मध्य षड्ज २३३ हर्ट्झचा, त्याखालचा पंचम १७५चा. तिथे १०० कापून काही बिघडत नाही. पण बुवा काळी एकमध्ये असतील तर मध्य षड्ज १३९, मंद्र पंचम १०४, आणि खर्जाचा षड्ज ६९. त्यांनी खर्जाला हात घातला की तुमच्या कात्रीने सुराचा पायाच जाईल. मला हे एका ख्यालगायकांनी सुनावलं होतं: "माझा खर्ज कुठे ठेवलात?" तेव्हापासून मी आधी पट्टी विचारतो, मग कात्री उघडतो.

कॉम्प्रेसर म्हणजे फेडरवर, आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खटक्यावर, बोट ठेवून बसलेला तत्पर माणूस. आवाज ठरलेल्या रेषेवर गेला की खाली ओढतो. त्याला ३:१ सांगितलं तर रेषेवर ९ डेसिबल गेलेला आवाज ३च वर राहतो. त्याने किती चटकन ओढायचं हेही सांगता येतं, आणि पखवाजावर सगळं त्यातच आहे. फार चटकन ओढलं तर थापेचा पहिला टोला मरतो. वीस-तीस मिलिसेकंद थांबायला सांगितलं की थाप निसटून पुढे येते आणि मागचा घुमारा तेवढा आवळला जातो. गळ्यावर दोन-तीन डेसिबलहून जास्त आवळलं की गजर आणि अभंग एकाच उंचीचे होतात. मग चढत गेल्याचा आनंद कुठून येणार?

रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, देवळातल्या रेकॉर्डिंगला मी लावत नाही, देऊळ आहेच. स्टुडिओतल्या गळ्याला लावतो, पण शब्दानंतर तीसेक मिलिसेकंद उशिराने. शब्द आधी स्वच्छ येतो आणि मग खोली उत्तर देते. शेवटी एकूण जोर. गाणं जास्तीत जास्त मोठं करून द्या, असं मंडळं सांगतात. यूट्यूब आणि स्पॉटिफाय सुमारे उणे १४ लफ्सची रेषा धरतात (लफ्स म्हणजे कानाला जाणवणारा एकूण जोर मोजायचं माप); त्याहून दाबून मोठं केलेलं ते खालीच ओढतात. दाबल्याने मेलेली थाप मात्र मेलेलीच राहते.

मिक्स झालं की ते ऐकलं जाणार मोबाईलच्या स्पीकरवर. एवढ्याशा स्पीकरला दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचं फारसं जमत नाही, आणि पखवाजाच्या डाव्या पुडीचा जीव तर त्याखालीच. पहिल्या मिक्सला बुवांनी मोबाईल कानाशी नेला आणि म्हणाले, पखवाज गेला कुठे? खालचे सूर वाढवून उपयोग नव्हता, स्पीकर ते वाजवतच नाही. तेव्हा डाव्या पुडीच्या ट्रॅकला थोडं सॅच्युरेशन दिलं. त्याने मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट सुरांची हलकी सावली तयार होते. ऐंशीचा घुमारा असेल तर १६०, २४०, ३२०. त्यातले वरचे मोबाईलला वाजवता येतात. आणि कानाला ही भावंडं एकत्र ऐकू आली की मेंदू त्यांच्या मुळाशी असलेला ऐंशीचा सूर आपणच भरून घेतो, समोर वाजत नसतानाही.

बुवांनी परत कानाशी धरला. गजर सुरू झाला तसा दुसरा हात मांडीवर पडायला लागला. "हां, आता वाजता पखवाज!"

मी स्पीकरवर बोट ठेवून पाहिलं. जेमतेम थरथरत होता.